नोंदवहीतलं मॉस

साताऱ्याहून कासकडे, ठोसेघरकडे किंवा बामणोलीकडे, कुठल्याही रस्त्यानं वर चढा; डोंगर कापलेल्या अंगाला पावसाळ्यात मॉस, म्हणजे आपण शेवाळ म्हणतो ते, असतंच. जुलैत सगळी दरड हिरवी. गणपती उठले, उन्हं तापायला लागली की ते पिवळं पडतं, दिवाळीपर्यंत करपल्यासारखं काळपट होतं आणि शिमग्याला इथं काही उगवलं होतं हे सांगूनही पटत नाही. मेलेलं मात्र नसतं. मॉसला जमिनीतून पाणी ओढणारी मुळं नाहीत, पान बहुतेक जागी एकाच पेशीच्या जाडीचं. त्यामुळे हवा सुकली की तेही सुकतं आणि वळवाची पहिली सर आली की काही मिनिटांत पानं उघडून बसतं. हे मी अकरावीला वर्षानुवर्षं शिकवत आले. फळ्यावर फ्युनारिया या मॉसची आकृती, शेजारी नावं, मुलांनी ती वहीत उतरवायची, दोन मार्क पक्के. खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीवर खरं मॉस उगवलेलं असायचं, पण प्रश्नपत्रिकेत भिंत येत नाही.

मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती दरड मार्चअखेरीसही हिरवी होती. पट्टा मोठा नाही. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर झाकला जाईल एवढाच. त्याच्या वर काळ्या कातळात एक तांबडी आडवी रेघ आहे. सह्याद्री थराथरांनी बनलेला आहे हे आपल्याला माहीत असतं. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अशी तांबड्या मातीची पट्टी बऱ्याच ठिकाणी सापडते. वरच्या सड्यावरचं पावसाचं पाणी जांभ्यातून मुरतं, कातळाच्या भेगांतून खाली उतरतं, या तांबड्या थराशी अडतं आणि आडवं वाट काढून बाहेर येतं. रस्ता काढताना डोंगर कापला तेव्हा नेमका तो थर उघडा पडला. धार नाही, नुसतं झिरपणं. हात लावला तर तळवा ओला होतो, इतकंच. पण ते बारा महिने.

जागा नेमकी कुठली, हे मी सांगणार नाही. हा नखरा वाटेल. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात एक मॉस आहे, थॅम्नोब्रियम अँगुस्टिफोलियम. साऱ्या जगात ते एकाच ओढ्याच्या काही मीटरच्या पट्ट्यात सापडतं आणि तो ओढा कुठला हे तिथली मंडळी मुद्दाम जाहीर करत नाहीत. आपल्याकडे तर गणपतीच्या मखराला, काचेच्या बरणीतल्या बागेला, बोन्सायच्या कुंडीला आता मॉस लागतं. लागतं म्हणजे कुणीतरी ते कुठूनतरी खरवडून आणतं. दोन गोण्यांत मावेल एवढ्याच जागेवर जे जगतं आहे, त्याचा पत्ता छापणं म्हणजे गोण्यांना आमंत्रण देणं.

नमुना गोळा करायचं काम मात्र सोपं असतं. झाडपाल्याला लागतो तसा दाबयंत्राचा खटाटोप नाही. बोथट सुरीनं बोटाच्या पेराएवढा पुंजका उचलायचा, वर्तमानपत्राच्या घडी घातलेल्या पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, एका रात्रीत बुरशी धरते. पाकिटावर तारीख, उंची, कातळ कसला, पाणी कसं, सावली कुठल्या बाजूची, हे सगळं तिथंच उभं राहून लिहायचं; घरी जाऊन लिहू म्हटलं की निम्मं गळतं. सावलीत वाळलं की झालं. असं वाळवलेलं मॉस कित्येक दशकांनी गरम पाण्यात टाकलं तरी पानं पसरतं आणि मायक्रोस्कोपखाली कालच आणल्यासारखं दिसतं.

माझं जे होतं ते नखाएवढ्या उंचीचं, चपटं, दोन्ही बाजूंना एकाच पातळीत पानं काढलेलं, छोट्या फणीसारखं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिमट्यानं एकेक पान सोडवून काचपट्टीवर ठेवलं तेव्हा वंश लगेच कळला. पानाचा बुडाकडचा भाग दुहेरी असतो, खिसा शिवल्यासारखा, आणि त्या खिशात वरच्या पानाचं बूड बसलेलं असतं. ही रचना फिसिडेन्सचीच. पण या वंशाच्या जाती आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या ओळखायच्या तर पानाची लांबट पेशींची कड टोकापर्यंत जाते की मध्येच संपते, पेशी गुळगुळीत आहे की तिच्यावर बारीक उंचवटे आहेत, मधली शीर टोकाबाहेर डोकावते का, हे सगळं पाहावं लागतं. शिवाय कॅप्सूल हवी. कॅप्सूल म्हणजे बीजाणूंची डबी. तिचं झाकण उडालं की तोंडाशी दातांचं वर्तुळ दिसतं. फिसिडेन्सला सोळा दात, प्रत्येक मध्ये चिरलेला. माझ्या पुंजक्यात एकही डबी नव्हती.

संदर्भ शोधायला बसले तेव्हा आपल्या भागातली मॉसची परंपरा किती विरळ आहे ते दिसलं. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात एल. जे. सेजविक नावाचे सनदी अधिकारी होते. नोकरीच्या फिरतीत त्यांनी मॉस गोळा केलं आणि इंग्लंडला एच. एन. डिक्सन यांच्याकडे ओळख पटवायला पाठवलं. त्यातून पश्चिम भारतातल्या मॉसच्या पहिल्या नीट याद्या झाल्या. डिक्सन यांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. म्हणजे आपल्या डोंगरातल्या मॉसचे मूळ नमुने ताडून पाहायचे तर तिकडे विचारायचं. नंतर दाभाडे यांनी खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर बरीच वर्षं काम करून 1998 मध्ये ग्रंथ काढला. त्याचं जुनं, कडा दुमडलेलं पुस्तक मला एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचायला दिलं, "परत आणा" असं दारापर्यंत येऊन बजावून. महाबळेश्वरच्या अंजनीच्या खोडांवर काय काय आहे हे त्यातून कळतं. पण महाबळेश्वर आणि कास यांच्या मधला डोंगर, त्याच्या खालच्या खिंडी, कोयनेच्या बाजूचे उतार इथं कितीजणांनी सुरी आणि पाकीट घेऊन पायपीट केली असेल? मॉसच्या बाबतीत दुर्मीळ असणं आणि कुणी न पाहिलेलं असणं यांच्यातली सीमारेषा फार पुसट आहे. एक पाकीट मी लखनौच्या एका मॉसतज्ज्ञांना टपालानं पाठवलं. तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेमुळे त्या शहरात या विषयाचे जाणकार आहेत. उत्तर आलं: वंश बरोबर, पानाची कड नेहमीच्या जातींसारखी वाटत नाही, पिकलेल्या कॅप्सूलसह पुन्हा पाठवा.

मधल्या काळात दरडीवर चुन्याच्या खुणा उमटल्या.

घाटाचं रुंदीकरण निघालं होतं आणि त्या पट्ट्यावर संरक्षक भिंत यायची होती. रस्त्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. आवक-जावकच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "शेवाळ? ते घसरायला होतं ते?" मी हो म्हटलं. शिक्का मारून मिळाला, तेवढं पदरात पडलं. पुढच्या खेपेला साहेब भेटले. तरुण, नम्र, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: "मॅडम, भिंत बांधली नाही आणि उद्या दरड खाली आली तर?" 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींखाली माणसं गेली आहेत. या जिल्ह्यात दरडीच्या बाबतीत कुणाला हलकं बोलण्याचा अधिकार नाही, मलाही नाही. एक मॉस वाचावं म्हणून रस्त्यावरचा माणूस धोक्यात घाला, असं मी म्हणणार नव्हते. मी फक्त विचारलं, की कातळ एकसंध आहे, माती-मुरूम नाही, आणि आतून पाणी येतंय. त्या पाण्याला भिंतीमागे कोंडलं तर ते कुठं जाणार? ते म्हणाले, "वीप होल ठेवतो ना आम्ही." म्हणजे पाणी नळीनं गटारात. भिंतीला ते पुरेसं. पण कातळाचा चेहराच झाकला गेल्यावर मॉस उगवणार कशावर?

"हे कुठल्या यादीत आहे?" त्यांनी शेवटी विचारलं. यादीत असेल तर फाइलवर लिहिता येतं.

यादीत नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 1991 च्या दुरुस्तीनं वनस्पतींचं परिशिष्ट आलं तेव्हा त्यात सहा नावं होती. घटपर्णी, कुठ, काही ऑर्किडं, एक सायकस. मॉसचा पत्ता नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीतही मॉसचा वाटा अगदीच थोडा. युरोपात 2019 मध्ये त्यांनी मॉस आणि त्याच्या भावकीतल्या सगळ्या जाती तपासल्या, सतराशेहून जास्त, तेव्हा शेकडा 22.5 जाती धोक्यात निघाल्या. ते त्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे दीडदोनशे वर्षांच्या नोंदी आहेत. मोजायचं कसं हादेखील पेच असतो. वाघ एक, दोन असे मोजता येतात. मॉसच्या गादीत कुठं एक झाड संपतं आणि दुसरं सुरू होतं? म्हणून तिकडचे अभ्यासक सोयीसाठी कातळाचा किंवा जमिनीचा एक चौरस मीटर म्हणजे एक जीव, झाडावरच्या मॉससाठी एक झाड म्हणजे एक जीव, असा हिशेब धरतात. या हिशेबानं माझ्या दरडीवर जेमतेम तीन-चार जीव भरतील.

वाट निघाली ती जैवविविधता कायद्यातून. 2002 चा हा कायदा आहे आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिनं गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत ती आहे, कपाटात. पिकं, फळझाडं, चारा, औषधी वनस्पती, गुरं असे रकाने भरलेले. याच कायद्याखाली राज्य सरकारला जैविक वारसा स्थळ जाहीर करता येतं. 2021 मध्ये आंबोलीचं हिरण्यकेशी मंदिराचं कुंड तसं जाहीर झालं, एका इवल्याशा माशासाठी, क्षेत्र जेमतेम दोन हेक्टरांच्या आसपास. एवढ्या छोट्या जागेला कागद मिळू शकतो हे पाहून हुरूप आला. पण सुरुवात गावाच्या नोंदवहीतून करायची, असं मला जाणत्यांनी सांगितलं. आणि नोंदवहीत काही घालायचं तर ते गावापुढं मांडून.

1 मेची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, सभा देवळाच्या सभामंडपात बसली. टँकर कधी चालू करायचा, घरकुलाची यादी कुणी बदलली, दिवाबत्तीचं बिल, स्मशानशेडचा पत्रा. माझा विषय शेवटी, ऊन चढल्यावर. ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात; त्यांनी नाव पुकारलं, "आता कॉलेजच्या बाई बोलतील," आणि दोघे-तिघे उठून चहाला गेले.

मी मॉस म्हटलं, शेवाळ म्हटलं, दरड कुठली ते सांगितलं, पाकीट उघडून दाखवलं. वाळलेला पुंजका एकानं हातात घेतला, हुंगला, शेजाऱ्याकडे दिला.

"बाई, ह्ये वाचवायचं म्हंजी करायचं काय?" मागून एकजण. "त्याच्यावरनं घसरून आमची म्हातारी पडली की वं मागल्या साली."

हशा झाला. मी म्हटलं, "काही करायचं नाही. त्याला कुणी हात लावायचा नाही, एवढंच."

"आन् फायदा?"

या प्रश्नाला द्यायची छापील उत्तरं माझ्याकडे होती. मॉस पाणी धरतं, माती बांधतं, हवा बिघडली की सगळ्यात आधी तेच आजारी पडतं. मी ती सांगायला लागलेही. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका आजी मध्येच बोलल्या, माझ्याकडे न बघता, त्या प्रश्न विचारणाऱ्याला. "आरं, पाझर हाय तितं. 72 च्या दुष्काळात आमी वाटीनं पानी भरलंय त्या कातळाखालनं. रातभर नंबर लावून. तुजा बाप कडंवर हुता माज्या." मग सगळेच बोलायला लागले. त्या वेळी रस्ता अरुंद होता, कातळ आणखी पुढं होता, खाली एक डोण खोदलेली होती ती रस्त्याच्या भरावात गेली. वरच्या रानाचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, ते म्हणाले, "बाराही म्हैने वलं असतंय. माझ्या म्हशी त्येच्यावरच हायती." भिंत आली तर पाझर झाकला जाईल, हे त्यांच्या ध्यानात माझ्याआधी आलं. मी मॉस घेऊन गेले होते, सभा पाझरावर बोलत होती, आणि मला ते सभेचं शहाणपण वाटलं. मॉसला राखण लागत नाही. पाणी आणि सावली आहे तशी राहिली की त्याचं ते बघतं.

भाऊसाहेब पेन धरून थांबले होते. "लिहू कशात? चाऱ्यात का औषधीत?"

सरपंचताईंनी तोडगा काढला. नोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, वेगळा मथळा न देता: घाटातील बारमाही पाझर, त्यावरील शेवाळ व नेचे, कातळ फोडू नये, पाणी तोडू नये. खाली सह्या, अंगठे. त्याची प्रत, ठरावाची प्रत, माझा अर्ज, असं बाड पुन्हा त्या कार्यालयात दिलं.

भिंत पुढं झाली. तांबड्या रेघेपासून काही पावलं सोडून सुरू झाली आणि वळणापर्यंत गेली. ठरावाचा परिणाम म्हणायचा तर साहेबांनी मला खरं कारण तोंडावर सांगितलं: तिथला कातळ चांगला लागला आणि भिंतीच्या पायात सारखं पाणी येत असल्यानं ठेकेदारालाच ते नको होतं. फाइलीत मॉसचा उल्लेख नाही. पाझराचा आहे, तोही 'पाण्याची अडचण' म्हणून. माझी त्यालाही हरकत नाही.

खरी काळजी निघाली ती वरच्या अंगाला. नानांनी म्हशींच्या हौदासाठी अर्ध्या इंचाची काळी नळी कातळाच्या भेगेत ठोकली होती आणि भोवती सिमेंट थापलं होतं. पाणी वाढावं म्हणून उन्हाळ्यात त्यांनी आणखी एका भेगेला तशीच नळी लावली. पट्ट्याची डावी बाजू पंधरवड्यात पिवळी पडली. मी त्यांना ते नेऊन दाखवलं. रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "हौद भरला की पानी गटारातच जातंय. त्ये हितं सोडलं तर?" मी म्हटलं, एका जागी धार नको, कातळभर ओल हवी. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदाच्या वरून एक जास्तीची नळी परत आणली, तांबड्या रेघेवर आडवी अंथरली, चुलीत खिळा तापवला आणि वीतवीत अंतरावर नळीला भोकं पाडली. भोकाच्या तोंडाशी सुतळीचा तुकडा, म्हणजे थेंब उडत नाही, कातळाला चिकटून उतरतो. ही सुतळीची अक्कल कुठल्याही संवर्धनाच्या पुस्तकात मी वाचलेली नाही. वळीव पडायच्या आत डावी बाजू हिरवी झाली. सगळी नाही, कडेचा काही भाग तसाच राखाडी राहिला.

कॉलेजात आम्ही रोपं वाढवूनही पाहिली, म्हणजे दरडीचं काही बरंवाईट झालं तर हाताशी असावीत. मॉसच्या पानाच्या तुकड्यापासूनही नवं मॉस येतं. आधी हिरव्या धाग्यांचं जाळं, मग त्यावर कोंब. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह बिघडलेला, त्यामुळे अगरचं माध्यम प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केलं. प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना वाटायचं मॅडमचा डबा शिजतोय. बशांमध्ये मॉसच्या आधी बुरशी आली, बुरशी हटवली तर निळंहिरवं शैवाल आलं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, ताकात मॉस घुसळून भिंतीला फासायचं म्हणे. ताकावर बुरशी आणखी खुलते, मॉसला त्यातलं काही लागत नाही. त्यातल्या त्यात बरी वाढ झाली ती पावसाच्या पाण्यात भिजवलेल्या खापरांवर, जाळीखाली. बोअरच्या पाण्यानं खापरावर पांढरा थर चढला आणि मॉस मागं हटलं. एप्रिलात सातारच्या गच्चीवर जाळीखालीही ती खापरं टिकली नाहीत. कातळातून रात्रंदिवस येणारं गार पाणी आणि त्याच्या अंगची हवा ही जोडी फवाऱ्याच्या बाटलीनं होत नाही.

दिवाळीत वेगळंच संकट. गावातली मुलं किल्ला करतात. अजिंक्यतारा, प्रतापगड, सज्जनगड. चिखल, पोतं, विटा, वर अळीव पेरायचे. आणि उतारावर रान दिसावं म्हणून भिंतीवरचं शेवाळ सपाट सुरीनं पोळीसारखं काढून लावायचं, हे तर आम्हीही केलेलं. पण दिवाळीपर्यंत भिंतीवरचं वाळून काळं पडलेलं असतं. गावात तेव्हा ओलं, हिरवं शेवाळ एकाच जागी. बाजीप्रभू खिंडीत उभे करण्यासाठी दरडीचा तळहाताएवढा भाग सोलून नेलेला मला दिसला. शाळेत गेले. चौथीतला एक मुलगा बिनदिक्कत म्हणाला, "बाई, दुसरीकडचं वाळलंय. ह्येच चांगलं हाय." निरीक्षण अचूक. त्याला रागवण्यात काय अर्थ?

गुरुजींना घेऊन पुढच्या श्रावणात आम्ही शाळेच्या मागच्या कुंपणावरचं नेहमीचं मॉस, हायोफिला आणि ब्रायम, जे सगळ्या सिमेंटवर उगवतं ते, खरवडून भिजलेल्या विटांवर पसरलं. विटा उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत. मधल्या सुट्टीत पाणी मारायची पाळी वर्गवार लावलेली. दिवाळीत त्या विटांवरचं हिरवं किल्ल्यांना पुरलं आणि वर थोडं उरलं. ज्या मुलानं दरड सोलली होती त्याचाच किल्ला गावात पहिला आला. परीक्षक मी नव्हते.

त्याच कार्तिकात दरडीवर कॅप्सूल सापडल्या. मॉसमध्ये नराचे पोहणारे शुक्राणू पाण्याच्या पापुद्र्यातून मादीपर्यंत पोचावे लागतात. नर-मादी वेगळ्या झाडांवर असतील आणि दोन्ही जवळपास नसतील तर वर्षानुवर्षं डबी धरत नाही, गादी नुसती पसरत राहते. पट्ट्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, नेच्याच्या मुळाशी, बाभळीच्या काट्याच्या टोकाहून बारीक अशा मोजक्या दांड्या वर आलेल्या होत्या. भिंग लावून पाहिलं तर अर्ध्या हिरव्या, दोन तपकिरी. तपकिरीपैकी एक घेतली, बाकीच्या तशाच ठेवल्या. मायक्रोस्कोपखाली झाकण सुईच्या टोकानं सारलं तेव्हा लालसर दातांचं वर्तुळ उघडलं. काचपट्टीवर फुंकर गेली की ते आत वळायचं, कोरडं झालं की परत बाहेर. नाव मी अजून लिहिणार नाही. लखनौहून दुसरं उत्तर आलं आहे, त्यांना लंडनच्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहायचं आहे आणि तिकडून छायाचित्रं मागवली आहेत. ते त्यांच्या गतीनं होईल.

गावातली बातमी अशी की नानांच्या थोरल्या मुलानं सड्याच्या कडेला स्ट्रॉबेरी लावायचं ठरवलंय आणि बोअरची गाडी मेमध्ये सांगितली आहे. पाणाड्या येऊन गेला. त्यानं नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेली जागा दरडीच्या बरोबर वरती, तांबड्या रेघेच्या सरळ रेषेत आहे. नोंदवहीतलं 'पाणी तोडू नये' हे खासगी रानातल्या बोअरला लागू होतं का, असं भाऊसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "बाई, त्ये पोराला विचारा." भूजल सर्वेक्षणच्या साताऱ्याच्या कार्यालयातून भूवैज्ञानिक यायला तयार आहेत, पण शेतमालकानं बोलावलं पाहिजे. नाना म्हणतात मी सांगून बघतो. पोरगा पुण्याहून शनिवारी येतो, तेव्हा जाणार आहे.